सहावी ते आठवीसाठी विज्ञान चाचणी : पालक आणि शाळांसाठी माहितीपत्रक

सहावी, सातवी आणि आठवीच्या मुलांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्रातल्या मूळ गोष्टी कितपत उमगल्या आहेत, हे तपासणारी चाचणी आम्ही कोल्हापूर शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांसाठी तयार करतो आणि घेतो. चाचणी ठरवण्याआधी ती कशी बनते, निकालात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आपल्याला नीट माहीत असावं म्हणून हे पत्रक.

शाळेत आकारिक आणि संकलित मूल्यमापन होतंच, मग आणखी एक परीक्षा कशाला, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. शाळेच्या परीक्षेतून मुलानं किती शिकलं ते कळतं. आम्ही शोधतो ते वेगळं आहे : उत्तर चुकलं, तेव्हा मुलाच्या मनात नेमकं काय होतं? बारा-तेरा वर्षांच्या मुलानं शेत पाहिलेलं असतं, चूल पाहिलेली असते, घरातले मोठे काय बोलतात ते ऐकलेलं असतं. त्यावरून त्यानं जगाबद्दल स्वतःची उत्तरं तयार केलेली असतात. ती विचार करून काढलेली असतात, पण त्यातली बरीच चुकीची असतात. पुस्तकातली व्याख्या पाठ झाली तरी ती आत तशीच राहतात, आणि नववीत विज्ञान अवघड होऊ लागलं की आडवी येतात. ती वेळेवर दिसली तर शिक्षकांना त्यावर काम करता येतं.

चुकीचे पर्याय आम्ही कसे लिहितो

आमचा सगळ्यात जास्त वेळ बरोबर उत्तरावर जात नाही, चुकीच्या पर्यायांवर जातो. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे असतात, आणि त्यातला प्रत्येक पर्याय मुलं खरोखर कसा विचार करतात त्यावरून घेतलेला असतो. उगाच भरतीला टाकलेला पर्याय कोणी निवडत नाही आणि त्यातून काही कळतही नाही.

एक उदाहरण घेऊ. लागणीच्या वेळी बोटभर असलेला उसाचा कोंब वर्षभरात पुरुषभर उंच होतो. हे वाढलेलं वजन मुख्यतः कुठून आलं? पर्याय असे : मातीतून, घातलेल्या खतातून, पाणी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून, सूर्यप्रकाशातून. ज्याच्या घरी शेती आहे त्या मुलाला खताचा पर्याय अगदी खरा वाटतो. युरिया टाकला की ऊस कसा काळाभोर होतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मातीचा पर्याय निवडणारं मूल वनस्पती मुळांनी अन्न खातात असं मानत असतं. सूर्यप्रकाश निवडणाऱ्याला प्रकाशसंश्लेषण हा शब्द येतो, पण ऊर्जा आणि पदार्थ यांत त्याची गल्लत होते. तिन्ही मुलांना शाळेच्या पेपरात शून्यच गुण मिळाले असते. पण त्यांना शिकवायचं मात्र तीन वेगळ्या गोष्टींपासून.

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सहज सुटलेला नाही. सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ यान फान हेल्मोंट यांनी सुमारे ९० किलो कोरड्या मातीत वाळुंजाचं (विलो या झाडाचं) सव्वादोन किलोंचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७७ किलोंचं. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम ५७ ग्रॅम कमी भरली. हे वृत्त त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. झाड मातीतून बनत नाही हे त्यांनी दाखवलं, पण सगळं वजन पाण्याचंच, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हवेचा वाटा त्यांच्याही लक्षात आला नाही. म्हणून आपल्या मुलानं इथं चूक केली तर कृपया रागावू नका. हीच आकडेवारी त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, मग वजन आलं कुठून?

आपल्या भागातले प्रश्न

अभ्यासक्रम बालभारतीच्या सामान्य विज्ञानाचाच असतो. प्रश्नांमधले प्रसंग मात्र आम्ही शक्य तितके इथलेच घेतो. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आलं की मूल आठवून उत्तर देतं. ओळखीच्या पण पुस्तकात नसलेल्या प्रसंगात त्याला विचार करावा लागतो.

गुऱ्हाळ आमच्या फार उपयोगाचं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळत असताना जी वाफ वर जाते, तिच्यात काय असतं? पाणी, साखर, हवा, की धूर? वाफेला गोड वास येतो म्हणून बरीच मुलं साखर म्हणतात. उकळत्या पाण्यातले बुडबुडे हवेचे असतात असं मानणारं मूल इथं हवा निवडतं. पुढचा प्रश्न चुन्याचा : गूळ करणारा गुळव्या रसात चुन्याची निवळी का घालतो? उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि चुना आम्लारी, एवढं आलं की उदासिनीकरण हा शब्द मुलाला पहिल्यांदा खरा वाटतो. भेंडीच्या चिकामुळे रसातली मळी, म्हणजे घाण, वर येते आणि ती झाऱ्यानं काढता येते, याचा प्रश्न आम्ही मिश्रणं वेगळी करण्याच्या घटकात ठेवला आहे.

उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात ज्यांचे पालक कामाला आहेत, त्यांना फाउंड्रीचा प्रश्न आवडतो. ओतलेला लोखंडी भाग ज्या मापाचा हवा त्यापेक्षा पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा नमुना, थोडा मोठा करतात. का? वितळलेलं लोखंड घट्ट होऊन थंड होताना आकसतं, एका मीटरला सुमारे १ सेंटिमीटरपर्यंत. फाउंड्रीतला जाणकार लगेच म्हणेल की मशिनिंगसाठीही, म्हणजे मशीनवर कापून नेमकं माप आणण्यासाठीही, जादा माल ठेवावा लागतो, आणि ते खरं आहे. म्हणूनच प्रश्नात आम्ही स्पष्ट लिहितो की हा भाग मशीनवर जाणार नाही. एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं निघाली तर हुशार मुलाचंच नुकसान होतं. त्यामुळे कामधंद्यावरचा प्रश्न छापण्याआधी तो धंदा करणाऱ्या माणसाला आम्ही दाखवून घेतो.

आठवीसाठी अंबाबाईच्या किरणोत्सवावरचा प्रश्न आहे. देवळाचं दार पश्चिमेला. मावळत्या सूर्याची किरणं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीला गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात. वर्षातून दोनदाच का, आणि याच दिवसांत का? सूर्य मावळण्याची जागा २२ डिसेंबरच्या सुमारापर्यंत दक्षिणेकडे सरकत जाते आणि तिथून परत फिरते. त्यामुळे क्षितिजावरच्या एकाच जागी सूर्य दोनदा मावळतो, एकदा डिसेंबरच्या त्या दिवसाआधी साधारण सहा आठवडे आणि एकदा नंतर साधारण सहा आठवड्यांनी. यात सूर्य जवळ येतो म्हणून, असा एक पर्याय असतो. तो निवडणारं मूल बहुधा ऋतूही सूर्याच्या अंतरामुळेच होतात असं मानतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना. हे शिक्षकांनी सांगितलं की त्या समजुतीला पहिला तडा जातो. किरणांच्या वाटेत इमारत आली तर काय होईल, हा याच प्रश्नाचा सोपा भाग सहावीलाही विचारतो.

सगळंच गावातून आणता येतं असं नाही, आणि ओढूनताणून आणूही नये. विजेचा प्रश्न साधाच आहे : एक सेल आणि एकापुढे एक जोडलेले दोन सारखे बल्ब. कोणता जास्त उजळेल? पहिल्या बल्बनं थोडी वीज वापरली म्हणून दुसरा मंद, हे उत्तर फार मुलं देतात. घरी विजेचं बिल येतं, वीज वापरली असं आपण म्हणतो, त्यातून हा समज होतो. परिपथात ऊर्जा खर्च होते, विद्युतधारा दोन्ही बल्बांतून तेवढीच वाहते आणि दोन्ही सारखेच उजळतात. पंचगंगेच्या पातळीवरचा एककांचा प्रश्नही छोटासाच : राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट; मीटरमध्ये किती?

खात्री की अंदाज

लेखी भागात ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. प्रत्येक प्रश्नाशेजारी दोन चौकोन असतात, ‘खात्री आहे’ आणि ‘अंदाज केला’. मुलानं त्यातल्या एकावर खूण करायची. चार पर्याय असले की डोळे मिटून खुणा केल्या तरी ४० पैकी सरासरी १० उत्तरं बरोबर येतात, म्हणून नुसत्या बेरजेवर आमचा भरवसा नाही. अंदाजानं बरोबर आलेलं उत्तर आम्ही कच्चं धरतो. अंदाजानं चुकलेलं उत्तर म्हणजे तो भाग अजून शिकायचा आहे. आमचं सगळ्यात जास्त लक्ष असतं खात्रीनं चुकलेल्या उत्तरावर, कारण मुलाची पक्की झालेली समजूत तिथंच सापडते. चुकीसाठी गुण वजा करत नाही. वजा होणार म्हटलं की मुलं प्रश्न सोडून देतात आणि त्यांच्या मनातलं आमच्यापर्यंत येतच नाही.

हातानं करायचा भाग

लेखी चाचणीनंतर मुलं दोघादोघांच्या जोडीनं दोन छोटे प्रयोग करतात. आधी काय होईल ते लिहायचं, मग करायचं, मग जे झालं त्याचं कारण लिहायचं. प्रयोग असे असतात : हळदीनं रंगवलेल्या कागदावर लिंबाचा रस टाकला तर रंग बदलत नाही, साबणाच्या पाण्यानं मात्र कागद लालसर होतो. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गुलाबी-लाल आणि आम्लारीत हिरवट होतो. चुन्याच्या निवळीत नळीनं हळूच फुंकर मारली की ती दुधाळ होते. स्वयंपाकघरात नसतं असं कुठलंही तीव्र आम्ल किंवा रसायन आम्ही मुलांच्या हाती देत नाही. फुंकण्याची नळी प्रत्येकाला वेगळी असते, निवळी तोंडात जाऊ नये म्हणून प्रत्येक बाकाजवळ आमचं माणूस उभं असतं, आणि हात धुवायला पाणी व साबण शाळेनं द्यावा अशी विनंती आहे.

आधी लिहिलेलं पुसायचं नाही, एवढाच नियम. आधीचा अंदाज आणि नंतरचं कारण एकमेकांशेजारी ठेवून वाचणं, हा आमच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग आहे.

प्रश्नांचीही परीक्षा

प्रत्येक चाचणीनंतर आम्ही मुलांच्या आधी प्रश्न तपासतो. एकूण गुणांत वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुलं वेगळी काढायची आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते पाहायचं, ही परीक्षाशास्त्रातली जुनी आणि साधी पद्धत आहे. एखादा प्रश्न वरच्या गटाला कमी आणि खालच्या गटाला जास्त आला, तर प्रश्नातच दोष आहे असं समजून तो निकालातून काढतो. चाळीस मुलांच्या एका वर्गात हे गट अकरा-अकराचेच होतात. तेवढ्यावर निर्णय घेणं बरोबर नाही, म्हणून सारखीच चाचणी दिलेल्या अनेक वर्गांचे आकडे एकत्र करून मगच ठरवतो.

सेमी इंग्रजीच्या वर्गांसाठी प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापलेली असते. मूल विज्ञानात अडलं की भाषेत, हे त्याशिवाय सांगता येत नाही. सीबीएसईच्या शाळांसाठी घटकांचा क्रम वेगळा लागतो. तसं आधी कळवावं.

निकाल कसा मिळतो

पालकांना दोन पानी अहवाल मिळतो. त्यात कोणत्या घटकात समज पक्की आहे, कुठे अंदाज चालला आहे, आणि कोणत्या दोन-तीन समजुतींवर घरी बोलता येईल, ते साध्या मराठीत लिहिलेलं असतं. त्यासोबत घरी करून पाहण्याजोगी एखादी कृती सुचवतो.

अहवालात क्रमांक नसतो. मुलगा कितवा आला, असं विचारलं तर आम्ही सांगत नाही, आणि शाळेनं वर्गात यादी लावू नये ही आमची अट आहे. क्रमांकासाठी लिहिणारं मूल मनातलं लिहीत नाही, हमखास बरोबर वाटेल ते लिहितं.

वर्गशिक्षकांना वेगळा तक्ता देतो : कोणता पर्याय किती मुलांनी निवडला. अर्धा वर्ग एकाच चुकीच्या पर्यायावर गेला असेल तर ती समजूत वर्गात सर्वांसमोर काढून तिच्यावर प्रयोग करावा लागेल. उत्तरं चारही पर्यायांत विखुरली असतील तर तो भाग मुलांना पोचलेलाच नाही, पुन्हा शिकवावा. हा तक्ता घेऊन आम्ही शिक्षकांसोबत एक तास बसतो. त्याचं वेगळं शुल्क नाही.

होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा किंवा आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा यांची तयारी आम्ही करून घेत नाही. मूळ गोष्टी पक्क्या झाल्या की तिथंही फायदा होतो, पण त्या परीक्षांचा सराव हे वेगळं काम आहे आणि ते करणारे चांगले शिक्षक आपल्या शहरात आहेत.

चाचणी ठरवताना

वर्षातून दोनदा घ्यावी असं आमचं मत आहे : शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैमध्ये एकदा आणि जानेवारीत पुन्हा. दुसऱ्या वेळी प्रश्न नवे असतात, पण त्यामागच्या कल्पना त्याच, त्यामुळे काय बदललं ते दिसतं. एकदाच जमणार असेल तर जून-जुलैची घ्यावी. शिकवण्याआधी कळलेलं जास्त उपयोगी पडतं. संकलित परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही तारीख देत नाही.

एका वेळी एक वर्ग घेतो. शाळेनं एक हवेशीर खोली, दोघांना एक अशी बाकं आणि पाणी एवढी सोय करावी. शुल्क पटावर अवलंबून आहे आणि त्यात प्रयोगाचं साहित्य आलं. लहान शाळेचा पट कमी म्हणून आम्ही नकार देत नाही. जवळच्या दोन शाळांनी मिळून एक दिवस ठरवला तर दोघांनाही ते स्वस्त पडतं. निकाल तीन आठवड्यांत मिळतो.

मुलांनी पेन्सिल आणि पेन आणावं, खोडरबर नको. आदल्या रात्री अभ्यासाला बसवू नये. पाठ करून आलेलं मूल दोन दिवस बरोबर उत्तर देतं, आणि जे शोधायला आम्ही येतो ते तेवढ्यापुरतं झाकलं जातं.