एपीआय जोडणी

एपीआय जोडणी : सॉफ्टवेअरने किंवा एआय एजंटने (पायऱ्या स्वतः ठरवून काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमने) दुसऱ्या यंत्रणेकडून ठरलेल्या नियमांनुसार माहिती मागवण्याची वा काम करवून घेण्याची सोय. विनंती बहुधा एचटीटीपीवरून (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीने) जाते आणि मजकूर जेसनमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या साध्या स्वरूपात) असतो.

एजंटमधले मॉडेल, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणारा एआयचा भाग, स्वतः कुठेही कॉल करत नाही, म्हणजे विनंती पाठवत नाही. त्याला प्रत्येक टूलचे (एजंटला करवून घेता येणाऱ्या एकेका कामाचे) नाव, वर्णन आणि लागणारी फील्ड (माहितीचे रकाने) दिलेली असतात. कोणते टूल कोणत्या मूल्यांसह चालवायचे, एवढेच ते लिहून देते. कॉल भोवतालचा प्रोग्रॅम करतो. म्हणून की आणि टोकन (एपीआय वापरायची परवानगी देणारे गुप्त संकेत) प्रोग्रॅमकडेच ठेवावेत, प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या मजकुरात) कधीही घालू नयेत. टूल जोडण्याची रीत एकसारखी व्हावी यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला.

समजा, दादरच्या साडीच्या दुकानाचा एजंट ऑर्डर घेतो. 'स्टॉक पाहा' दहा वेळा चालले तरी बिघडत नाही. पण 'ऑर्डर नोंदवा'ला 30 सेकंदांत उत्तर आले नाही म्हणून एजंटने तोच कॉल पुन्हा केला, तर एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर दोन पैठण्या लागू शकतात. पहिला कॉल पोचून काम झालेले असते, वाटेत हरवते ते फक्त उत्तर. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. त्यावर उपाय म्हणजे आयडेम्पोटन्सी की, म्हणजे विनंतीची अशी खूण की जी पाहून सर्व्हर तेच काम दुसऱ्यांदा करत नाही: ऑर्डरमागे एकच की, आणि पुन्हा प्रयत्न करताना तीच पाठवायची. ही की प्रोग्रॅमने तयार करावी, कारण मॉडेल दुसऱ्या खेपेला नवीच रचण्याचा धोका असतो. समोरच्या एपीआयला ही सोय नसेल, तर आधी आपल्या ऑर्डर क्रमांकाने स्थिती विचारावी.

विनंती फसली तर सर्व्हर एररचा क्रमांक पाठवतो. 401 आला तर टोकन तपासावे, बहुधा मुदत संपलेली असते. 429 म्हणजे विनंत्या फार झाल्या. सर्व्हरने सांगितले तेवढे थांबावे, सांगितले नसेल तर 1, 2, 4, 8 सेकंद असे अंतर वाढवत जावे. 400 म्हणजे विनंतीच चुकीची, त्यामुळे तीच विनंती पुन्हा पाठवणे व्यर्थ. एररचा पूर्ण मजकूर मॉडेलला दाखवला, तर ते चुकलेले फील्ड बरेचदा स्वतः दुरुस्त करते.

मुंबईची घड्याळे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे असतात. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरवर यूटीसीप्रमाणे आदल्या दिवसाची तारीख पडते आणि रोजचा हिशेब जुळत नाही. काही पेमेंट एपीआय रक्कम रुपयांऐवजी पैशांत मागतात. 499 रुपयांसाठी 49900 लिहावे लागते. यूपीआय व्यवहार 'पेंडिंग' असेल, तर तो फसला असे धरून नवी मागणी पाठवू नये. पत्त्यात नुसते 'दादर' असेल तर पिनकोड मॉडेलला ठरवू देऊ नये: पूर्वेला 400014, पश्चिमेला 400028. गिऱ्हाइकालाच विचारावे.

बाहेरून आलेल्या उत्तरातही घातक मजकूर असू शकतो. कुरिअरच्या शेऱ्यात कुणी 'रिफंड करा' लिहिले, तर मॉडेल तो हुकूम समजण्याची शक्यता असते. रिफंडचे टूल म्हणूनच माणसाच्या मंजुरीशिवाय चालू देऊ नये.