शिक्का कोणाचा, कायदा कोणाचा: लेबलिंग आणि संघर्ष सिद्धांतांची नेहमीची गल्लत

‘समाजातले बलवान लोक गरिबांवर गुन्हेगाराचा शिक्का मारतात, यालाच लेबलिंग सिद्धांत म्हणतात.’ थोड्याफार फरकाने हे वाक्य नोट्समध्ये, उत्तरपत्रिकांत, अगदी बऱ्या लेखांतही सापडतं. सोबतीला ‘बळी तो कान पिळी’ ठरलेलंच. एकाच वाक्यात गुन्हेगारीशास्त्रातले दोन सिद्धांत, लेबलिंग आणि संघर्ष, कोंबलेत आणि दोन्हींची वाट लागली आहे.

संघर्षवादी मांडणी बहुतेकांना पाठ असते, म्हणून ती उरकून टाकतो. कायदा तटस्थ नसतो. ज्यांच्या हाती सत्ता आणि मालमत्ता, त्यांच्या सोयीने गुन्ह्याची व्याख्या ठरते. मार्क्सने गुन्ह्याचा वेगळा सिद्धांत लिहिला नाही, पण १८४२ मध्ये ऱ्हाइन प्रांतातल्या लाकूडचोरीच्या कायद्यावर त्याने लेख लिहिले होते. जंगलात पडलेली लाकडं वेचणं हा गोरगरिबांचा जुना रिवाज तिथे चोरीत जमा होत होता. हाच मार्क्सवादी धागा पुढे विलेम बाँगर आणि मग १९७० च्या दशकात रिचर्ड क्विनी या अभ्यासकांनी उचलला. आणि कृपा करून प्रत्येक संघर्षवाद्याला मार्क्सवादी म्हणू नका. गुन्हेगारीचा अभ्यासक जॉर्ज व्होल्डने १९५८ मध्ये मांडलेला संघर्ष हितसंबंध जपणाऱ्या कोणत्याही गटांचा होता, फक्त मालक-मजुरांचा नव्हे.

खरी मेख लेबलिंगमध्ये आहे. या मंडळींचा मुख्य प्रश्न ‘कायदा कोणी केला’ हा नाहीच. पकडला गेल्यानंतर त्या माणसाचं काय होतं, हा आहे.

पंधरा वर्षांचा एक मुलगा सायकल चोरतो. कारण काहीही असेल: पैज, हाव, गरज, निव्वळ उनाडपणा. अशा उचापती अनेक मुलं करतात आणि पुढे सुधारतात. लेबलिंगवाला समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्टने १९५१ मध्ये याला प्राथमिक विचलन म्हटलं; विचलन म्हणजे समाजाच्या नियमांपासून ढळणं. मुलगा अजून स्वतःला चोर समजत नाही. पण हा पकडला जातो आणि नाव पोलिसांच्या दप्तरी लागतं. त्यानंतर वर्गात कोणाचं पेन हरवलं तरी आधी याचं दप्तर उलटं होतं. मित्रांचे आईबाप मुलांना याच्यापासून लांब ठेवतात. काम मागायला गेला की याच्याआधी याची कीर्ती पोचलेली असते. उरतात ती असाच शिक्का बसलेली पोरं, मग ऊठबस त्यांच्यातच. एक दिवस तो म्हणतो, ‘नाहीतरी सगळे मला चोरच म्हणतात.’ यापुढची चोरी पहिलीसारखी नसते, कारण आता ती ‘मी कोण’ याचा भाग झालेली असते. हे दुय्यम विचलन.

लेबलिंगला या दुसऱ्या चोरीचा उलगडा करायचा आहे. ‘मुळात पहिली चोरी का केली हे लेबलिंग सांगत नाही’ हा आक्षेप दर वर्षी मोठ्या थाटात मांडला जातो, म्हणून हे ठासून सांगतोय. ते सांगण्याचा दावा लेमर्टने केलाच नव्हता. पहिल्या चोरीमागे छप्पन्न कारणं असू शकतात, असंच त्याचं म्हणणं. लेबलिंगचाच दुसरा मोठा अभ्यासक हॉवर्ड बेकरनेही १९६३ मध्ये कृत्यापेक्षा त्यावरच्या लोकांच्या प्रतिक्रियेवर बोट ठेवलं. शिक्का बसला नाही म्हणून चोरी झालीच नाही, असा याचा अर्थ काढणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

आता कसोटी लावा. वर्गभेद पूर्ण काढून टाका, सगळे सारख्याच ऐपतीचे आहेत असं धरा. तरीही त्या मुलाचं दप्तर उलटं होईल, मित्र दुरावतील. शिक्का आपलं काम करतच राहील.

उलट बाजूने, म्हणजे शिक्का बाजूला ठेवून फक्त कायद्याकडे बघा. संघर्षवादी समाजशास्त्रज्ञ विल्यम चॅम्ब्लिसने १९६४ मध्ये इंग्लंडच्या भटकेगिरीविरोधी कायद्यांचा इतिहास तपासला. प्लेगच्या महामारीत मजूर प्रचंड संख्येने मेले. उरलेल्यांनी जास्त मजुरी मागू नये, दुसरीकडे निघून जाऊ नये, ही जमीनदारांची निकड होती. १३४९ च्या कायद्याने धडधाकट भिकाऱ्याला भीक घालणं हासुद्धा तुरुंगवासाचा गुन्हा केला. हेतू उघड होता: पोट भरायचं तर जमीनदार देईल त्या मजुरीवर राबा. हे समजायला एकाही मजुराच्या मनात शिरावं लागत नाही. त्याने स्वतःला गुन्हेगार मानलं काय, न मानलं काय, मजुरी दाबायची ती दाबली जातेच.

गंमत अशी, की याच चॅम्ब्लिसने १९७३ मध्ये एका अमेरिकन शाळेतल्या दोन टोळक्यांवर लिहिलं आणि तो अभ्यास लेबलिंगच्या प्रकरणात सगळीकडे वापरला जातो. एका टोळक्यात सुखवस्तू घरांतली आठ मुलं, दुसऱ्यात खालच्या वर्गातली सहा. उपद्व्याप दोघांचेही भरपूर. पण सुखवस्तू पोरांकडे गाड्या होत्या, धिंगाणा गावाबाहेर चालायचा, पोलिसांसमोर तोंडात साखर. दुसरी पोरं भर चौकात, तोंडाने फटकळ. गावाच्या लेखी पहिली ‘चांगल्या घरची’, दुसरी ‘वाया गेलेली’. पुढे बहुतेकांची आयुष्यं गावाने आधीच आखलेल्या वाटेने गेली.

इथे वर्ग आला म्हणून गडबड होते. शिक्का कोणावर बसेल हे ठरण्यात वर्गाचा हात आहेच, पण बसलेला शिक्का आयुष्य कसं वळवतो हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तरही वेगळं. ‘दोन्ही सिद्धांत एकमेकांना पूरक आहेत’ असं लिहून हात झटकणारं उत्तर मला चुकीच्या उत्तरापेक्षाही जास्त खटकतं.

उपायांतही फारकत आहे. लेबलिंगवाला म्हणेल, अल्पवयीन मुलांना शक्यतो कोर्टाची पायरी चढवू नका, जुनी नोंद आयुष्यभर मिरवायला लावू नका. संघर्षवादी म्हणेल, नोंद पुसाल हो, पण मजुरी बुडवणं हा किरकोळ वाद आणि सायकल उचलणं हा फौजदारी गुन्हा, ही वाटणी कोणी केली ते आधी सांगा. दोघे एकच बोलत असते तर १९६८ मध्ये समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर बेकरवर तुटून पडला नसता. त्याची तक्रार हीच होती, की ही लेबलिंगवाली मंडळी शिक्का मारणाऱ्या खालच्या अधिकाऱ्यांना धारेवर धरतात आणि त्यांच्या वर बसलेल्यांना मोकळं सोडतात.