पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला अर्ज करायचाय? मग कागद आत्तापासून जमवा

आमच्या मीडियाच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं अशी निघतात की मोबाईलवर शूट केलेली पाच मिनिटांची फिल्म बघून वाटतं, यांनी पुढं शिकलंच पाहिजे. मग लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचं, म्हणजे एफटीआयआयचं नाव निघतं. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली ही संस्था केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाखाली येते. 'केंद्राच्या' हा शब्द लक्षात ठेवा. तालुक्याच्या गावातली मुलं अडतात ती बहुतेक याच शब्दाला.

आधी पात्रता. पहिली अट पदवीची, आणि ती बहुतेक अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची चालते. बी.ए. मराठी, बी.कॉम., बी.एस्सी. ॲग्री, काहीही. मास मीडियाच केलेलं असावं असं अजिबात नाही. दोन ठिकाणी मात्र नीट बघा. ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमांना बारावीला भौतिकशास्त्र लागतं. कला दिग्दर्शनाला उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला अशा विषयांतली पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता मागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना साधारणपणे अर्ज करता येतो, पण निकाल ठरलेल्या तारखेच्या आत द्यावा लागतो. तुमच्या विद्यापीठाचे निकाल उशिरा लागत असतील तर ही तारीख आधी वहीत लिहा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण अजूनही मुलं यावरून मागं फिरतात. रंगांधळेपणा असेल तर काही अभ्यासक्रमांना प्रवेशच नाही, असा नियम तिथं होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बाजूला सारला आणि सगळे अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्यांना खुले करायला सांगितलं. जुनी माहिती वाचून स्वप्न सोडू नका.

व्हिडिओचंच काम शिकायचं असेल तर टेलिव्हिजन विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम बघा: दिग्दर्शन, इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफी (म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याचं काम), व्हिडिओ संपादन, आणि ध्वनिमुद्रण व टेलिव्हिजन अभियांत्रिकी. फिल्म विभागातले दिग्दर्शन, छायालेखन, संपादन वगैरे मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचे. घरची परिस्थिती बेताची असेल तर एक वर्ष आणि तीन वर्षं यातला फरक फार मोठा असतो. तीन वर्षांवाल्यालाच किंमत असते, असं मनात आणू नका.

प्रवेश लेखी परीक्षा आणि नंतर मुलाखत अशा टप्प्यांनी होतो. जुन्या व्हिडिओंत 'जेईटी' हे नाव ऐकाल. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेबरोबर घेतलेली ती संयुक्त परीक्षा. परीक्षेचं स्वरूप बदलत आलंय, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्या. क्लासवाल्यांच्या पीडीएफवर विसंबू नका.

आता कागद. आमची एक विद्यार्थिनी ओबीसीचा नॉन-क्रिमीलेयर दाखला घेऊन निवांत होती. अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं की तिचा दाखला राज्याच्या नमुन्यातला. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्याच नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. शेवटच्या आठवड्यात तिच्या वडिलांनी कामावर खाडे करून तहसीलच्या चकरा मारल्या, ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं, कारण हे आम्ही शिक्षकांनीच आधी सांगायला हवं होतं.

म्हणून सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर अर्ज टाकतानाच 'केंद्र शासनासाठी' असं स्पष्ट मागा. त्याआधी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासा. राज्यात व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) किंवा एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) मोडणाऱ्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसीत येतात. मराठा समाजाच्या मुलांनी हे ध्यानात घ्यावं की एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्याचं आहे, केंद्रात ते चालत नाही. कुणबी दाखला असेल तर ओबीसीतून, नसेल तर अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून, अर्ज होतो. ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी मिळून उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि शेती पाच एकरांपेक्षा कमी हवी. घर आणि प्लॉटच्याही मर्यादा आहेत. हा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून गेल्या वर्षीचा काढून ठेवलाय म्हणून गाफील राहू नका.

दुसरी अडचण नावाची. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठं वडिलांचं नाव आहे, कुठं नाही. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडं. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहा आणि आधार त्याला जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा.

बाकी दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, फोटो, सही, लागू असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. मुलाखतीचा निरोप त्यावरच येतो.

पदवी झालेली नसेल तर एफटीआयआयचे काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे लघु अभ्यासक्रमही असतात. २०१७ पासून 'स्किफ्ट' या नावानं ते देशभर घेतले गेले आणि त्यात मोबाईलवर फिल्म कशी करायची हेही शिकवलं गेलं. त्यांची पात्रता, फी आणि तारखा प्रत्येक वेळी वेगळ्या जाहीर होतात, आणि त्यांना पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांची ती मोठी प्रवेशपरीक्षा नसते.