पहिले मूल सिकलसेलग्रस्त, म्हणून पुढची तीन सुरक्षित?

नागपुरात आणि एकूणच विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे प्रमाण मोठे असल्याने ‘आईवडील दोघेही वाहक असतील तर चारपैकी एका मुलाला आजार होतो’ हे वाक्य अनेकांच्या कानावर पडलेले असते, आणि त्यावरूनच पहिले मूल आजारी निघाले की पुढची तीन निरोगी जन्मतील, असा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे. हा समज चुकीचा आहे, आणि घातकही.

वाहकाकडे हिमोग्लोबिनच्या संबंधित जनुकाच्या दोन प्रती असतात, एक सामान्य (ए) आणि एक सदोष (एस). प्रत्येक बीजपेशीत (स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत) त्यांपैकी एकच उतरते. कोणती, हे नाणेफेकीसारखे योगायोगावर ठरते आणि आधीच्या गर्भधारणेत काय घडले याचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही. म्हणूनच प्रत्येक खेपेला एसएस, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असलेले आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, एएस म्हणजे वाहक होण्याची ५० टक्के आणि एए म्हणजे दोन्ही प्रती सामान्य असण्याची २५ टक्के असते. एखाद्या घरी चारही मुले निरोगी असतात, तर एखाद्या घरी लागोपाठ दोन आजारी.

सगळा दोष सुनेच्या माथी मारणे तर निव्वळ अन्याय आहे, कारण एसएस मुलाला एक सदोष प्रत वडिलांकडूनही आलेली असते.

वाहक बहुधा ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय काही कळत नाही. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतूनच स्पष्ट होते. ती लग्नाआधीच करून घ्यावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात सुरुवातीलाच डॉक्टरांकडे गर्भाच्या तपासणीविषयी विचारावे.