वरचा सूर लागला की प्रवेश पक्का?

अमेरिकेत म्युझिकल थिएटरच्या पदवीला प्रवेश हवा तर ऑडिशनला सगळ्यात वरचा सूर दणक्यात लावायचा, असं मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

कार्नेगी मेलन, मिशिगन अशा विद्यापीठांत आधी व्हिडिओंची चाळणी होते, मग प्रत्यक्ष फेरी. गाण्याला मिळतात जेमतेम 16 किंवा 32 बार (बार म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला ठरावीक मात्रांचा छोटा तुकडा), म्हणजे फार तर दीड मिनिट. शिवाय स्वगत आणि नृत्य असतंच. परीक्षक कधी मध्येच सांगतात, “हेच आता रुसलेल्या भावाची समजूत काढतोयस असं गा.” सूचना ऐकून मूल बदलतं का, शब्द पोचवतं का, हे त्यांना बघायचं असतं. ओढूनताणून लावलेला सूर उलट घात करतो; घशावरचा ताण त्यांना लगेच कळतो. संगीत नाटकं पाहिलेल्यांना हे पटेल: पद रंगलं तरी संवाद पडला की पात्र उभं राहत नाही.

गाणं सहज पेलणाऱ्या पट्टीतलं, वयाला शोभणारं घ्या. नोटेशनच्या कागदावर सुरुवात आणि शेवट ठळक खुणांनी दाखवा. साथीचा पियानोवादक तो कागद बहुतेकदा तिथेच पहिल्यांदा बघतो.