छत्र्यांच्या दिशा आणि एचडीची निवड: खान्देशातली पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा शहाद्यातल्या एखाद्या उंच गच्चीवरून आजूबाजूच्या टीव्हीच्या छत्र्या पाहिल्या, तर त्यांवरची नावं न वाचताही कुठल्या घरात कुठली कंपनी आहे हे बरंचसं सांगता येतं. टाटाची छत्री जवळजवळ दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे वळलेली आणि आकाशात बरीच वर पाहणारी. डिश टीव्हीची सरळ आग्नेयेला. एअरटेलची त्याहूनही पूर्वेकडे आणि खाली झुकलेली. टाटाचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे, डिश टीव्हीचा ९५ वर आणि एअरटेलचा १०८ वर. जळगाव आहे साडेपंच्याहत्तरच्या आसपास. हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. त्यामुळे जो जितका पूर्वेला, तितका तो आपल्याला क्षितिजाच्या जवळ दिसतो. जळगावातून टाटाचा उपग्रह साधारण ६४ अंश उंचीवर येतो, एअरटेलचा ४६ वर. पूर्वेच्या शेजाऱ्याने वर मजला चढवला किंवा मळ्यातलं आंब्याचं झाड वाढलं, की आधी कुणाची छत्री अडते हे यावरून कळावं.

एचडी घ्यायचं ठरलं की घराघरात एकच चर्चा होते: कुणाचं चित्र चांगलं? खरं तर चित्रात म्हणण्यासारखा फरक कधीच नव्हता. फरक होता तो उपग्रहावर कुणाला किती जागा मिळाली याचा, आणि ती जागा कुणाला कधी मिळाली याची गोष्ट पंचवीस-तीस वर्षं मागे जाते.

नव्वदच्या दशकात छत्री म्हणजे केबलवाल्याच्या गच्चीवरची ती भलीमोठी जाळीदार सी-बँडची (कमी वारंवारतेच्या लहरींची) छत्री. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल गावोगाव पसरली, १९९५ मध्ये तिच्यासाठी कायदाही झाला. घराच्या गच्चीवर मावेल एवढ्या छत्रीला केयू-बँड (जास्त वारंवारतेच्या लहरी) लागतो आणि तो तेव्हाही उपलब्ध होता. स्टारने आयस्कायबी नावाने ती सेवा सुरू करण्याची तयारी केली, तेव्हा जुलै १९९७ मध्ये केंद्राने ४८०० मेगाहर्ट्झच्या वरचं प्रक्षेपण घेणाऱ्या उपकरणांवर बंदीच घातली. बंदी उठायला नोव्हेंबर २००० उजाडलं, आणि परवान्याचे नियम मार्च २००१ मध्ये आले. पहिली खासगी सेवा डिश टीव्हीची, २००३ ची. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस आली, महिन्याचा एक पैसाही न घेणारी. टाटा स्काय ऑगस्ट २००६ मध्ये. पुढच्या तीन वर्षांत सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल आणि व्हिडिओकॉन.

खान्देशात छत्रीने जोर धरला तो याच काळात, आणि त्यामागे चित्राच्या गुणवत्तेपेक्षा लोडशेडिंगचा हात मोठा होता असं माझं मत आहे. तेव्हा गावांमध्ये दिवसातले दहा-बारा तास वीज नसे. घरी इन्व्हर्टर असला तरी केबलवाल्याचा कंट्रोल रूम किंवा वाटेतल्या खांबावरचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की पडद्यावर मुंग्या. छत्रीचं तसं नव्हतं. आपली वीज आपल्या घरात, की मालिका चालू. शिवाय यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात राहणाऱ्या किंवा गावाबाहेर खळ्यावर घर बांधलेल्या माणसाकडे केबलवाला तार टाकायला येतच नसे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आणि वरणगावच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत बाहेरगावची कुटुंबं. त्यांना आपापल्या भाषेतली वाहिनी हवी, आणि ती स्थानिक केबलवर मिळण्याची शक्यता कमी.

आता जागेचा प्रश्न. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या यंत्रावर, किती वाहिन्या मावतील, ते त्या कशा दाबून पाठवता यावर ठरतं. सुरुवातीच्या कंपन्यांनी, म्हणजे डिश टीव्ही आणि टाटा स्कायने, एमपेग-२ ही दाबण्याची पद्धत घेतली, कारण तेव्हा तीच होती. नंतर आलेल्या सन डायरेक्ट, एअरटेल वगैरेंनी थेट एमपेग-४ घेतलं, ज्यात तेवढ्याच जागेत साधारण दुप्पट वाहिन्या बसतात. साध्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, पूर्ण एचडीत १९२० गुणिले १०८०. म्हणजे बरोबर पाचपट. एचडीचं दार उघडलं तेव्हा जुन्या कंपन्यांची पंचाईत झाली: घरोघरी बसलेले लाखो जुने बॉक्स एमपेग-४ वाचत नव्हते, म्हणून तीच वाहिनी जुन्यांसाठी साधी आणि नव्यांसाठी एचडी अशी दोनदा पाठवावी लागली. आधी आल्याचा दंड, दुसरं काय.

जागा वाढवायची तर उपग्रह हवा, आणि तो इस्रोच्या मार्फतच मिळवायचा असा नियम. १० जुलै २००६ ला श्रीहरिकोट्याहून निघालेला इन्सॅट-४सी उड्डाणानंतर लगेच कोसळला. त्यावर १२ केयू-बँड ट्रान्सपाँडर होते. बदली उपग्रह, इन्सॅट-४सीआर, सप्टेंबर २००७ मध्ये गेला आणि एअरटेलची सेवा पुढच्या वर्षी त्यावरूनच सुरू झाली. टाटाची सेवा दीर्घकाळ इन्सॅट-४एच्या १२ ट्रान्सपाँडरवर रेटली गेली. काही कंपन्यांनी परदेशी उपग्रहांवर जागा घेतली आणि त्यांच्या एचडी वाहिन्यांची संख्या भराभर वाढली. २०१० नंतरच्या जाहिरातींत ‘एवढ्या एचडी वाहिन्या आणि सेवा’ असा आकडा झळके. त्यातले ‘आणि सेवा’ हे शब्द बारकाईने वाचण्यासारखे होते, कारण आकड्यात निव्वळ वाहिन्याच नसत.

२०१० हे एचडीचं वर्ष. टाटा स्कायने जूनमध्ये एचडी आणलं, डिश टीव्हीनेही त्याच वर्षी, आणि ऑक्टोबरमधल्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. पण मराठी माणसाला एचडीत पाहायला काय होतं? क्रिकेट आणि प्राण्यांच्या वाहिन्या. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी एचडीत आल्या २०१६ मध्ये. मधली सहा वर्षं घरातल्या बायकांच्या मालिका साध्याच चित्रात आणि बापलेकांची मॅच एचडीत, असा सरळ भेद होता. कापसाचे पैसे आल्यावर दिवाळीत नवा एलईडी घ्यायचा, पण जुना बॉक्स तीच पिवळी-लाल-पांढरी वायर लावून जोडायचा, हेही याच काळात सर्रास झालं. चार-तीनचं चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ताणलं जाई आणि सगळी पात्रं अंगाने भरल्यासारखी दिसत. टीव्ही एचडी, बॉक्स एचडी, वाहिनी एचडी आणि मधली वायर एचडीएमआय, या चारही गोष्टी जमल्याशिवाय एचडी दिसत नाही, हे दुकानदार सांगत नसे.

खान्देशात या सगळ्याला आणखी एक कोन आहे. केबल डिजिटल करण्याचा कायदा २०११ मध्ये बदलला आणि टप्पे ठरले. मुंबई पहिल्या टप्प्यात, नाशिक दुसऱ्यात, ३१ मार्च २०१३ च्या मुदतीचं. जळगाव, धुळे, नंदुरबार ही शहरं तिसऱ्यात, ३१ डिसेंबर २०१५. खेडी चौथ्यात, जी मुदत अखेर ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. जुन्या केबलवर एचडी चालतच नाही. म्हणजे नाशिककराला केबलवरून एचडी घेण्याचा पर्याय मिळाल्यानंतरही जळगावकराला बराच काळ छत्रीशिवाय गत्यंतर नव्हतं. इथली तुलना म्हणूनच कायम ‘ही कंपनी की ती कंपनी’ अशी राहिली, ‘छत्री की केबल’ अशी क्वचितच.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नव्या नियमांनी या तुलनेतली हवाच काढून घेतली. वाहिनीची कमाल किंमत आता वाहिनीवाला ठरवतो, आणि ती जाहीर असते. छत्रीवाला स्वतः आकारतो ते नेटवर्क शुल्क: सुरुवातीला पहिल्या १०० वाहिन्यांना जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्या शंभरात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी मोजली जाई, आणि दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्याही त्यातच. जानेवारी २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने शुल्कावरची ही मर्यादाच काढली, तेव्हा कंपन्यांच्या दरात फरक पडायला पुन्हा वाव आला. आता विचारायचं ते एवढंच: आपल्या घरात पाहिल्या जाणाऱ्या पाच-सहा मराठी आणि खेळाच्या वाहिन्या ही कंपनी एचडीत देते का, नेटवर्क शुल्क किती, आणि छत्री हलली तर माणूस किती दिवसांत येतो. शेवटचा प्रश्न कंपनीला विचारून उपयोग नाही, शेजाऱ्याला विचारावा.

दरम्यान मैदानही आकसलं. बिग टीव्ही संपली. मार्च २०१८ मध्ये डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डी२एच एकत्र झाल्या, दोन्ही नावं मात्र ठेवली. टाटा स्काय जानेवारी २०२२ मध्ये टाटा प्ले झाली, आणि त्याच जूनमध्ये सोडलेल्या जीसॅट-२४ ची सगळी क्षमता तिला मिळाली. सात सेवांमधून निवड करण्याचे दिवस गेले. दुसरीकडे अक्कलकुवा, धडगाव, मोलगीच्या पाड्यांवर तुलना करण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. तिथे फ्री डिश, म्हणजे पूर्वीची डीडी डायरेक्ट प्लस: एकदाच बॉक्स-छत्रीचे पैसे, पुढे रिचार्ज नाही, सह्याद्रीसारख्या वाहिन्या. तिथलं बहुतेक सगळं अजून साध्या चित्रातच आहे. ज्याला महिन्याला दीडशे रुपये टाळायचे आहेत तो ठिपके मोजत बसत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून जशीच्या तशी आहे. बॉक्स एकमेकांत चालावेत ही अपेक्षा परवान्याच्या अटींतच होती, ट्रायने २०२० मध्ये पुन्हा तशी शिफारस केली, पण प्रत्येक कंपनीची कुलूपबंदी वेगळी असल्यामुळे प्रत्यक्षात ते घडलेलं नाही. कंपनी बदलायची तर जुना बॉक्स बाद. म्हणून पहिल्यांदा एचडीचा बॉक्स घेताना केलेली निवडच पुढे वर्षानुवर्षं चालते. आता जळगाव-भुसावळमध्ये फायबर आलेल्या घरांत तरुण मुलं अँड्रॉइड बॉक्सची भाषा बोलतात, आणि अहिराणी गाणी पाहायची तर ती यूट्यूबवरच. कुठल्याही कंपनीच्या छत्रीवर अहिराणीची स्वतंत्र वाहिनी नाही, ना साधी, ना एचडी.