बाळसं, काटा आणि अंगावरचं दूध

दहाव्या आठवड्याच्या लसीला गेलेली आई घरी येते ती बहुधा एकच आकडा घेऊन. ‘चार किलो तीनशे. सिस्टर म्हणाल्या, कमी आहे.’ दुपारपर्यंत घरात निकाल लागलेला असतो: दूध पुरत नाही, आहे ते पातळ आहे, आणि शेजारच्या बाळानं बघा कसं बाळसं धरलंय. संध्याकाळी कुणीतरी मेनरोडवरून पावडरचा डबा घेऊन येतं. त्या चार किलो तीनशेला जन्माचं वजन किती होतं, सहाव्या आठवड्याला किती भरलं होतं आणि तेव्हा काटा हाच होता का, हे तीन प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात.

आधी काट्याचंच बघू. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. एका वेळी पोटभर प्यायलं की 60 ते 90 ग्रॅम दूध पोटात जातं. भरलेला डायपर सहज 100 ग्रॅमचा असतो. म्हणजे चार दिवसांची वाढ एका डायपरात लपते. बाथरूमच्या काट्यावर आधी बाळाला घेऊन उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी करायची, हा प्रयोग घरोघरी होतो. लासलगावच्या मार्केटात कांद्याची ट्रॉली भरलेली तोलतात, मग रिकामी तोलतात. वीस-पंचवीस क्विंटलला ती रीत चोख आहे. पण त्याच भुईकाट्यावर एक कांदा तोलायला कुणी जाणार नाही. बाथरूमचा काटा 100-100 ग्रॅमनी सरकतो, त्यामुळे बाळाच्या आठवडाभराच्या वाढीबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

वजन करायचं तर बाळ पूर्ण उघडं हवं. काट्यावर दुपटं ठेवून आधी आकडा शून्यावर आणायचा. 10 ग्रॅम किंवा त्याहून बारीक मोजणारा, आडवं निजवायचा डिजिटल काटा असेल तर उत्तम. तीनदा ठेवून बघावं आणि दोनदा सारखा आलेला आकडा धरावा. वेळ पाजण्याआधीची, आणि काटा दर वेळी तोच. अंगणवाडीत झोळीचा स्प्रिंगचा काटा असेल तर काटा हलायचा थांबू द्यावा आणि आकडा डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचावा. वरून किंवा खालून वाचला की एखादी रेघ इकडची तिकडे होते, आणि एक रेघ म्हणजे 100 ग्रॅम. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांची वजनं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घेतली तर पुढचं निम्मं काम होतं. काळजी वाटत असेल तरी आठवड्यातून एकदाच मोजावं. रोज मोजून हाती फक्त धाकधूक येते.

आता हिशेब. जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. 7 टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं. 10 टक्क्यांच्या जवळ गेलं तर पाजण्यात काय चुकतंय ते त्याच दिवशी बघायला हवं. सिझेरियनच्या आधी आईला बरंच सलाईन लागलं असेल तर बाळही थोडं पाणी धरून जन्माला येतं, लघवीवाटे ते निघून जातं आणि उतार असतो त्याहून मोठा दिसतो. म्हणून वाढ मोजायची ती जन्माच्या वजनापासून नव्हे, तर सर्वांत खाली गेलेल्या वजनापासून. जन्माचं वजन दहा ते चौदा दिवसांत परत यावं. तीन ते सहा महिन्यांत वेग आपोआप उतरतो, दिवसाला 15 ते 20 ग्रॅम. सहा महिन्यांनंतर दहाच्या आसपास. ‘आधी महिन्याला किलोभर वाढायचा, आता अर्धाच’ ही तक्रार चौथ्या-पाचव्या महिन्यात हमखास येते, आणि बहुतेक वेळा तिच्यात तक्रार करण्यासारखं काही नसतं.

समजण्यापुरती दोन बाळं घेऊ. मुलगी जन्मली 2.6 किलोची. सहाव्या आठवड्याला 3.6, दहाव्याला 4.3, चौदाव्याला 4.9. मुलगा जन्मला 3.4 चा. सहाव्या आठवड्याला 4.9, दहाव्याला 5.3, चौदाव्याला 5.5. काळजी कुणाची? घर मुलीची करतं, कारण ती किरकोळ दिसते. पण तिची वाढ काढा. सहा ते दहा आठवडे, 28 दिवसांत 700 ग्रॅम, म्हणजे रोजचे 25. पुढच्या 28 दिवसांत 600, म्हणजे रोजचे 21. कार्डावरच्या वाढीच्या तक्त्यावर ती सुरुवातीला खालच्या रेषेच्या थोडी वर होती आणि अजूनही तिथेच, आपली वाट धरून चालली आहे. मुलगा मात्र आधी 14 आणि मग 7 ग्रॅमवर आला. मधल्या रेषेवरून तो घसरत खाली चाललाय, गाल अजून गुबगुबीत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. दवाखान्यात आधी जायला हवं ते या मुलानं.

कार्डावरचा तो वक्र तक्ता जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली दिला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या, अंगावर पिणाऱ्या निरोगी मुलांची मापं त्यामागे आहेत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. त्याआधी जगभर चालणारा तक्ता अमेरिकेतला होता आणि त्यातली बरीचशी बाळं बाटलीवर वाढलेली. त्यावर अंगावर पिणारं धडधाकट बाळही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मागे पडल्यासारखं दिसायचं. मुलाचा आणि मुलीचा तक्ता वेगळा असतो. दिवस पूर्ण भरायच्या आत जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून धरायचं. या दोन्ही गोष्टी तपासल्या की काही काळज्या जागच्या जागी मिटतात.

काटा हाताशी नसेल तेव्हा लंगोट बोलतो. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी चांगले ओले लंगोट, लघवी पाण्यासारखी फिकट, आणि पहिल्या महिन्यात तीन-चार पिवळ्या, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेल्या शी. चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग पडत असतील तर दूध कमी पडतंय. सहा आठवड्यांनंतर मात्र चार-पाच दिवस शी झाली नाही तरी चालतं, बाळ खुशीत आणि पोट मऊ असेल तर. याउलट ज्या खुणांवर सगळे विसंबतात त्या फसव्या निघतात. दीड महिन्यानंतर स्तन मऊ लागतात, कारण शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो. संध्याकाळी बाळ तासातासाला पितं, तेही नेहमीचंच. पंपानं 30 मिलीच निघालं याचाही अर्थ तेवढंच दूध आहे असा नाही, पंपाला बाळासारखं ओढता येत नाही.

दूध बनतं कसं हे एकदा समजलं की उपाय सुचत जातात. भरून राहिलेल्या स्तनात दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकाम्या झालेल्या स्तनात वाढतो. महिन्याच्या बाळाची आई दिवसाला साधारण 750 ते 800 मिली दूध देते, पण तेवढं रोज उपसलं गेलं तरच. रिकामं होत जाताना दुधातली स्निग्धताही वाढते. सुरुवातीचं निळसर, पातळ दिसणारं दूध आणि शेवटचं दाट दूध हे एकाच वेळच्या पाजण्याचे दोन भाग आहेत, ‘पातळ दुधाची आई’ असा काही प्रकार नाही. घड्याळ लावून दहा मिनिटांनी बाजू बदलली तर बाळ दाट भागापर्यंत पोचतच नाही. एक बाजू त्यानं स्वतः सोडू द्यावी, मग दुसरी द्यावी.

हळिवाचे आणि डिंकाचे लाडू आईनं जरूर खावेत. पाजणाऱ्या आईला दिवसाला 600 कॅलरी जास्त लागतात आणि लाडवात त्या असतात. पण लाडवानं स्तन रिकामा होत नाही.

वजन न वाढण्याचं सर्वांत नेहमीचं कारण दुधाचा तुटवडा हे नसतं, बाळाची पकड चुकलेली असते. जवळून बघा. बाळ नुसतं स्तनाग्र तोंडात धरून चोखत असेल तर गाल आत ओढले जातात, ‘चक चक’ आवाज येतो, आईला दुखतं, आणि सुटल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं दिसतं. पंचेचाळीस मिनिटं असं चाललं तरी पोटात थोडंच जातं, बाळ दमून झोपतं आणि आई म्हणते, ‘तासभर पितो की!’ बरोबर पकडीत तोंड जांभईएवढं उघडं असतं, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नाक मोकळं, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्या ओठापेक्षा वरच्या ओठाकडे जास्त दिसतो. सुरुवातीला भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की संथ लय: एक-दोनदा चोखणं आणि एक घोट, मध्ये हनुवटी क्षणभर थांबते. तो थांबा म्हणजे तोंडभर दूध. थांबे दिसेनासे झाले, नुसती हनुवटी थरथरतेय, की बाळ चघळतंय, पीत नाही.

पकड सुधारायला डाव्या स्तनावर पाजताना बाळाला उजव्या हातानं मानेखाली आणि खांद्यांशी धरावं. डोक्यामागे हात दाबू नये. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं. डाव्या हातानं स्तन बाळाच्या ओठांना समांतर थोडा चेपावा, वडापाव खाताना आपण दाबतो तसा. स्तनाग्र नाकाशी न्यावं, तोंड मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकवत बाळाला जवळ ओढावं. आईनं बाळाकडे वाकू नये. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवावं आणि पुन्हा लावावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे यावरचे मराठी व्हिडिओ मोफत बघता येतात.

वाढ मंदावली असेल तर पुढचा आठवडा असा काढावा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं, रात्रीचं एकही न चुकवता, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. झोपाळू बाळाचे कपडे काढून त्याला छातीशी उघडं धरावं. चघळायला लागलं की स्तन हातानं दाबून धरावा, घोट पुन्हा सुरू होतात. पाजून झाल्यावर हातानं दूध काढून ते वाटी-चमच्यानं किंवा आजीच्या काळातल्या बोंडल्यानं पाजावं, बाटलीनं नाही. दूध काढताना अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून तीन-चार सेंटीमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सैल. कातडीवरून बोटं घासत पुढे आणायची नाहीत. सुरुवातीची दोन मिनिटं काही येत नाही, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीनंतर विरळणीला जाणाऱ्या आया, किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या, सकाळी आठला पाजून निघतात ते पाचला परत. मधली तीन पाजणी बुडतात आणि दोन-तीन आठवड्यांत दूध खरंच घटतं. जेवणाच्या सुट्टीत हातानं दूध काढलं, उन्हात टिकणार नाही म्हणून टाकून द्यावं लागलं, तरी घट थांबते. गारव्यात, 25 अंशांपर्यंत, काढलेलं दूध चार तास टिकतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या चाळिशीत तो भरवसा धरू नये, फ्रीज किंवा बर्फाचा डबा हवा.

त्याच उन्हाळ्यात ‘घसा कोरडा पडतो’ म्हणून पाणी पाजतात. अंगावरच्या दुधात 87 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दिवसात चार वेळा 30 मिली पाणी दिलं तर तेवढं, म्हणजे 120 मिली दूध कमी प्यायलं जातं. त्यात 80 कॅलरी गेल्या, पाच किलोच्या बाळाच्या दिवसाच्या गरजेचा साधारण सहावा हिस्सा. ग्राईप वॉटर आणि गुटी यांचाही हिशेब तोच. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे, जंतू जाऊ शकतात. डबा सुरू केला तरी पहिल्यांदा घटतं ते आईचं दूध, कारण बाळ तेवढं कमी ओढतं. डॉक्टरांनी मापून सांगितला तर तो जरूर द्यावा, उपाशी बाळाला दूध वाढायची वाट बघत ठेवता येत नाही. पण मग पावडर डब्यावरच्या मापानंच घालावी. महिनाभर पुरवायला पातळ केलेलं दूध हे वजन न वाढण्याचं आणखी एक कारण होऊन बसतं.

कधी पकड उत्तम असते, बाळ भरपूर पितं आणि तरी काटा हलत नाही. तेव्हा आजार शोधावा लागतो. लघवीतला जंतुसंसर्ग तापाशिवायही असतो, लघवीच्या तपासणीत सापडतो. पिताना कपाळाला घाम येणं, दम लागून मध्येच सोडणं हृदयाकडे बोट दाखवतं. थायरॉईडची कमतरता, जिभेखालचा आखडलेला पडदा हेही बघितलं जातं. आईच्या बाजूनं प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा, थायरॉईड, किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दूध आटवू शकतात. गोळ्या कुठल्या चालू आहेत हे आईला क्वचितच कुणी विचारतं.

चौदा दिवसांत जन्माचं वजन परत आलं नाही, किंवा पहिल्या तीन महिन्यांत वाढ रोजच्या 20 ग्रॅमच्या खाली राहिली, तर एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे जावं. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय, बिटको किंवा झाकिर हुसेन रुग्णालयही आहे. बाळ सुस्त असेल, पिणं सोडलं असेल, हिरवी उलटी, ताप किंवा अंग गार, आठ तासांत लघवी नाही, तळवे पिवळे, किंवा दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 वर गेला असेल, तर त्याच घडीला. सोबत कार्ड आणि चोवीस तासांची पाजण्याची, लघवीची, शीची नोंद न्यावी. डॉक्टरांसमोर एकदा पाजून दाखवावं. त्यांनी सांगितलं नाही तरी आपण म्हणावं, ‘पिताना एकदा बघा.’

आणि सात दिवसांनी पुन्हा वजन. तोच काटा, तीच वेळ, बाळ उघडं. 150 ग्रॅम वाढलं असेल तर जे चाललंय तेच चालू ठेवावं. शंभरच्या आत असेल तर आणखी आठवडा वाट न बघता त्याच दिवशी पुन्हा दाखवावं.